विचाराला किती वेळ लागतो?

तुमच्यापैकी जे ठाण्यात राहतात त्यांना हा अनुभव नक्की आला असेल. पुण्याला किंवा नागपूरला एखाद्या लग्नात कोणी विचारते, "कोठून आलात?" आपण म्हणतो, "ठाण्याहून." लगेच एखादे काका मिस्कीलपणे म्हणतात, "अरे वा! सोडले वाटते तुम्हाला!" मग सगळे हसतात. १९०१ सालापासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद मराठी घरांत त्याच्याइतकाच जुना झाला आहे.

हा विनोद फारसा चांगला नाही. ज्यांचे माणूस खरोखर आजारी असते त्यांना तो बोचतो. शिवाय त्यातून एक चुकीची समजूत पसरते, की मनाचे शास्त्र म्हणजे केवळ बिघडलेल्या मनाचे शास्त्र. मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि मानसशास्त्र हे शास्त्र वेगळे. दोघांचे नाते जवळचे आहे, हे खरे. १९९० साली ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. तेथे दोन्ही प्रकारचे तज्ज्ञ एकत्र काम करतात. पण प्रायोगिक मानसशास्त्राचा जन्म रुग्णालयात झालेला नाही. त्याचे मूळ शोधायला निघालो तर आपण भलत्याच ठिकाणी पोहोचतो. ते ठिकाण म्हणजे वेधशाळा!

इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलाइन हे राजज्योतिषी होते. त्यांच्या हाताखाली डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण मदतनीस काम करीत असे. एखादा तारा दुर्बिणीतील उभ्या तारेमागून नेमका केव्हा सरकतो, त्या क्षणाची नोंद करणे हे त्याचे काम. त्या काळी हे कसे करीत, ते पाहा. डोळा दुर्बिणीला आणि कान शेजारच्या घड्याळाच्या टिकटिकीकडे. एका ठोक्याला तारा कोठे होता आणि पुढच्या ठोक्याला कोठे गेला, हे ध्यानात ठेवून मधला सेकंदाचा दशांश अंदाजाने सांगायचा. १७९५ साली मॅस्केलाइनच्या लक्षात आले, की किनेब्रुकच्या नोंदी आपल्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिरा पडतात. त्याला ताकीद मिळाली. बिचाऱ्याने प्रयत्न केला असणारच; पण पुढच्या वर्षाच्या आरंभी फरक वाढून ०.८ सेकंद झाला. मॅस्केलाइनने त्याला कामावरून काढून टाकले.

आठ दशांश सेकंदासाठी नोकरी जावी, हे तुम्हाला अन्यायाचे वाटेल. पण ताऱ्यांच्या वेळेवरून रेखांश काढतात, हे लक्षात घ्या. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा ठाण्याच्या अक्षांशावरील जमीन दर सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे सरकते. म्हणजे ०.८ सेकंदाची चूक झाली, की नकाशावर ठाणे स्टेशन रुळांवरून उचलून साडेतीनशे मीटर तलावपाळीच्या बाजूला नेऊन ठेवल्यासारखे होईल! मॅस्केलाइनचा राग अगदीच निराधार नव्हता. चुकला होता तो त्याचा निष्कर्ष.

ते वीस-पंचवीस वर्षांनी फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले. ग्रीनिचची ती हकिकत त्याने वाचली आणि त्याच्या मनात एक साधा प्रश्न आला : किनेब्रुक चुकत होता आणि मॅस्केलाइन बरोबर होता, हे ठरवले कोणी? त्याने इतर नामांकित खगोलशास्त्रज्ञांबरोबर एकाच ताऱ्याचे वेध घेऊन नोंदी ताडून पाहिल्या. काही जोड्यांत फरक एका सेकंदाहूनही जास्त निघाला! यांपैकी कोणीही आळशी किंवा निष्काळजी नव्हता. प्रत्येक निरीक्षकाचा स्वतःचा असा एक ठरावीक फरक असतो. त्याला 'वैयक्तिक समीकरण' असे नाव पडले. खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ती एक पीडा होती. वजाबाकी करून घालवून टाकायची एवढेच. पण त्यात एक मोठी गोष्ट लपलेली होती. डोळ्याने पाहणे, कानाने ऐकणे आणि त्यांचा मेळ घालून निर्णय देणे या मनाच्या कामाला वेळ लागतो, आणि तो माणसागणिक वेगळा असतो.

आता तुम्ही विचाराल, हा वेळ जातो कोठे?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योहानेस म्यूलर यांच्यासारखा थोर शरीरशास्त्रज्ञही असे मानीत होता, की मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजणे आपल्याला बहुधा कधीच जमणार नाही. त्यांचाच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० साली तो मोजून दाखवला. त्याने बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. आधी स्नायूच्या जवळ आणि मग स्नायूपासून दूर अशा दोन ठिकाणी मज्जातंतूला विजेचा झटका दिला. दूर झटका दिला तेव्हा स्नायू किंचित उशिरा आखडला. दोन ठिकाणांमधील अंतराला त्या उशिराने भागले, की वेग मिळाला! तो आला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. मोकळ्या मार्गावर भरधाव जाणाऱ्या आपल्या जलद लोकलचा वेगही साधारण एवढाच. मनाच्या आज्ञा विजेसारख्या क्षणार्धात पोहोचत नाहीत. बेडकाच्या पायात त्या लोकलच्या वेगाने जातात!

माणसाच्या मज्जातंतूचा वेग तुम्ही वर्गात मोजू शकता, आणि त्यासाठी बेडूक लागत नाही. वीस मुलांना एका वर्तुळात, एकामागे एक असे, जमिनीवर बसवा. प्रत्येकाने डोळे मिटून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावा. आपला खांदा दाबला गेला, की लगेच पुढच्याचा खांदा दाबायचा. शिक्षकांनी पहिल्या मुलाला खूण करून स्टॉपवॉच सुरू करावे आणि खूण पाच फेऱ्या पूर्ण करून आली, की बंद करावे. मग हाच खेळ पुढच्याचा घोटा धरून करायचा. घोट्यापासून मेंदूपर्यंतचा मार्ग खांद्याच्या मार्गापेक्षा तुमच्या वयाच्या मुलांत सुमारे एक मीटरने लांब असतो. बाकी सारे तेच आहे. म्हणून दोन वेळांतील फरक हा त्या जादा एक मीटरच्या प्रवासाचा. वीस मुले आणि पाच फेऱ्या म्हणजे शंभर वेळा तो प्रवास झाला. समजा, फरक दोन सेकंद आला, तर एका प्रवासाला ०.०२ सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ५० मीटर. तुमचे उत्तर थोडे वेगळे येईल, पण याच घरातले यावे.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या, कारण खरे शास्त्र त्यांतच आहे. एक, स्टॉपवॉच दाबणाऱ्या शिक्षकांचेही 'वैयक्तिक समीकरण' असते! ते दोन्ही वेळी सारखेच असल्याने वजाबाकीत बहुतांशी निघून जाते, आणि उरलेली चूक शंभर भागांत वाटली जाऊन नगण्य होते. दुसरी गोष्ट, सरावाने मुले चपळ होतात. आधी सगळे खांद्याचे खेळ आणि नंतर सगळे घोट्याचे असे केलेत, तर सरावाचा सारा फायदा घोट्याला मिळेल आणि उत्तर बिघडेल. म्हणून खांदा, घोटा, घोटा, खांदा असा क्रम ठेवा.

हेल्महोल्ट्झने मज्जातंतूचा वेळ मोजला, पण तो काही विचाराचा वेळ नव्हे. पुढची उडी घेतली नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या फ्रान्स डोंडर्स या वैद्यकाच्या प्राध्यापकाने, १८६५ ते १८६८ या काळात. त्याची युक्ती इतकी सोपी आहे, की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचेच नवल वाटावे. ठरलेल्या खुणेला ठरलेलीच क्रिया करायला लागणारा वेळ मोजा. मग दोन खुणांपैकी कोणतीही येऊ शकते आणि तिच्याप्रमाणे क्रिया निवडायची आहे, अशा वेळचा काळ मोजा. दुसऱ्यातून पहिला वजा करा. उरतो तो निवड करण्याचा, म्हणजे निखळ मनाच्या कामाचा काळ! उजव्या किंवा डाव्या पायाला झटका बसेल त्याप्रमाणे उजवा किंवा डावा हात हलवायचा, या त्याच्या प्रयोगात हा काळ सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग भरला.

डोंबिवलीच्या पुलावर उभे राहून तुम्ही हा प्रयोग रोज करता. एकाच फलाटाकडे जायचे असेल तर गाडीचा भोंगा ऐकताच पाय सुटतात. पण इंडिकेटर पाहून, जलद की धीमी, हे ठरवून मग जिना निवडायचा असेल, तर क्षणभर तुम्ही थबकता. तो थबकण्याचा क्षण म्हणजे डोंडर्सची वजाबाकी.

घरी मोजायचा असेल तर मीटरपट्टी पुरेल. मित्राने पट्टी वरून धरावी, शून्याची खूण तुमच्या अंगठा व तर्जनी यांच्या मध्ये असावी. त्याने न सांगता पट्टी सोडली, की तुम्ही ती पकडायची आणि बोटांपाशी किती सेंटिमीटर आले ते वाचायचे. पडणारी वस्तू दिलेल्या अंतरासाठी किती वेळ घेते, हे तुम्ही गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात शिकला आहातच. १० सेंटिमीटरला ०.१४ सेकंद, १५ला ०.१७, २०ला ०.२०, २५ला ०.२३ आणि ३०ला ०.२५ सेकंद. (५ सेंटिमीटरवर पकडलीत, तर शाबासकी घेऊ नका. पट्टी सुटण्यापूर्वीच तुमची बोटे मिटू लागली होती. ती नोंद खोडून टाका.) निवडीच्या प्रयोगासाठी दोन पट्ट्या घ्या, दोन्ही हात तयार ठेवा आणि मित्राने कोणतीही एकच सोडावी. समजा, साध्या प्रयोगात सरासरी १६ सेंटिमीटर आले आणि निवडीच्या प्रयोगात २६. मग निवडीचे मोल किती? पुष्कळ जण येथे २६मधून १६ वजा करून मोकळे होतात. तसे करायचे नाही, कारण पडणाऱ्या पट्टीचा वेग वाढत जातो. आधी दोन्हींचे काळ काढायचे, ०.२३ आणि ०.१८ सेकंद, आणि मग वजाबाकी करायची. उत्तर ०.०५ सेकंद.

वजन, प्रकाश, आवाज यांच्या जाणिवेचे मोजमाप करणारेही याच काळात झाले. एर्न्स्ट वेबरने दाखवले, की हातातील वजनात फरक कळतो तो मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात; पाव किलोच्या पुडीत पडलेली भर जाणवते, पण तेवढीच भर पाच किलोच्या पिशवीत पडली तर पत्ता लागत नाही. गुस्ताफ फेख्नरने यावरून गणिती नियम बांधला आणि १८६० साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

ही सारी माणसे खगोलशास्त्रज्ञ, वैद्य किंवा पदार्थवैज्ञानिक होती. त्यांचे धागे एकत्र विणून त्याला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले ते विल्हेल्म वुंट यांनी. ते हेल्महोल्ट्झचे एके काळचे साहाय्यक. १८७५ साली ते लाइपझिग विद्यापीठात आले आणि १८७९ साली तेथे त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांचे संशोधन सुरू झाले. हेच मानसशास्त्राचे जन्मवर्ष म्हणून पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. खरे तर शास्त्राला अशी जन्मतारीख नसते. अमेरिकेत हार्वर्डला विल्यम जेम्स यांनी १८७५ सालीच प्रात्यक्षिकांसाठी एक खोली मिळवली होती. पण खोली असणे वेगळे आणि तेथून संशोधन व संशोधक तयार होऊन बाहेर पडणे वेगळे. लाइपझिगला नियतकालिक निघाले, पदव्या मिळू लागल्या, देशोदेशींचे तरुण येऊ लागले. म्हणून १८७९ला मान द्यायला हरकत नाही.

तेथे काय चाले? एका टेबलावर हिप या घड्याळजीने केलेला कालमापक, सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारा. एक गोळी उंचावरून फळीवर पडे. पडता क्षणी घड्याळ सुरू होई. आवाज ऐकणारा कळ दाबी, घड्याळ थांबे. पुन्हा गोळी, पुन्हा कळ. शेकडो वेळा. आज जो प्रयोग करणारा, तोच उद्या खुर्चीत बसून प्रयोग करवून घेणारा. कंटाळवाणे वाटते ना? पण वुंट यांचा आग्रहच हा होता, की मनातील जी घटना पुन्हा पुन्हा घडवता येते, जिच्या अटी आपल्या हातात असतात, तिच्याविषयीच प्रयोगशाळेने बोलावे. भाषा, दंतकथा, चालीरीती यांसारख्या गोष्टी या खोलीत मावत नाहीत, हे ते स्वतः सांगत. त्यांच्यासाठी त्यांनी वेगळे दहा खंड लिहिले. वुंट यांच्या मर्यादा दाखवणारे पुष्कळ भेटतात; पण ती मर्यादा त्यांनीच आखून घेतली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांच्या विद्यार्थ्यांत ह्यूगो म्यून्स्टरबर्ग नावाचा एक तरुण होता. तो पुढे हार्वर्डला गेला आणि तेथून आपल्या गोष्टीला रूळ मिळाले, अगदी अक्षरशः! अमेरिकेतील बॉस्टन शहरात ट्रामगाड्यांचे अपघात फार होत. चांगला चालक नेमण्यापूर्वीच ओळखता येईल का, असा प्रश्न म्यून्स्टरबर्गपुढे आला. पट्टी पकडण्यासारखा साधा प्रतिक्रियाकाल मोजून चालेल, असे कोणालाही वाटेल. त्याने ते नाकारले. त्याचे म्हणणे असे, की अपघात टाळणारा चालक केवळ हात लवकर हलवत नाही; गर्दीतल्या अनेक हालचालींतून धोक्याची हालचाल कोणती, हे तो आधी हेरतो.

मग त्याने एक गमतीदार साधन केले. कागदाच्या पट्टीवर मधोमध दोन रेघा, म्हणजे रूळ. दोन्ही बाजूंच्या चौकोनांत आकडे : १ म्हणजे पायी चालणारा, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटार. काळे आकडे रुळांना समांतर चालले आहेत असे समजायचे, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचे. लाल आकडे रुळांकडे येत आहेत. त्याच काळात १ एक घर चालतो, २ दोन घरे, ३ तीन घरे. यांतला नेमका कोण रुळांवर येणार, ते सांगायचे. चालकाने दांडा फिरवला, की खिडकीखालून पट्ट्या सरकत जात. किती वेळ लागला आणि किती धोके नजरेतून सुटले, दोन्ही मोजायचे. आजच्या कसोटीला तो प्रयोग तोकडाच ठरेल. पण १९१२-१३ सालच्या त्याच्या पुस्तकांतून ही कल्पना जगभर गेली.

याच म्यून्स्टरबर्गजवळ हार्वर्डला शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त भारतात परतले आणि १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा भारतातील पहिला विभाग त्यांच्या हाती आला. त्याचा अभ्यासक्रम ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ सालीच आखून ठेवला होता. (ठाणे-दिवा मार्गावरचा पारसिकचा बोगदा खुला झाला तोही १९१६ सालीच. दोन गोष्टींचा संबंध काही नाही, पण साल लक्षात राहायला बरे!) महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या स्थापनेनंतर प्रा. कोठुरकर यांनी तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन उभे केले आणि मुंबई विद्यापीठात १९५९ साली उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला. आज मानसशास्त्र घेणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला प्रतिक्रियाकालाचा प्रयोग वहीत लिहावा लागतो. तो बहुधा संगणकावर करतात. हिपचे घड्याळ गेले, पण डोंडर्सची वजाबाकी तशीच आहे.

आणि म्यून्स्टरबर्गच्या ट्रामचालकांचे काय झाले? ते आपल्या कल्याण लोकलच्या मोटरमनच्या केबिनमध्ये येऊन बसले आहेत. भारतीय रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेत मानसशास्त्रज्ञांचा स्वतंत्र विभाग आहे आणि गाडी चालवणाऱ्यांना निवडताना मानसिक क्षमतेच्या कसोट्या घेतल्या जातात. कारण हिशोब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाची लोकल सेकंदाला २२ मीटर जाते. पट्टी पकडायच्या ०.२ सेकंदात ती साडेचार मीटर पुढे गेलेली असते. ओळखून, निवडून, ठरवायला अर्धा सेकंद लागला तर ११ मीटर, म्हणजे अर्ध्या डब्याहून जास्त. त्यानंतर ब्रेक लागू लागतो! त्यात हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल अशा खुणा सतत येत राहतात, आणि बहुतेक वेळा काहीच अघटित घडत नाही. अडचण तीच आहे. रोज दोनशे वेळा हिरवा दिवा पाहिलेल्या डोळ्याला दोनशे एकाव्या वेळी पिवळा दिसला पाहिजे. या गुणाला मानसशास्त्रात सावधानता म्हणतात, आणि ती पट्टीने मोजता येत नाही.

म्हणून सहायक लोको पायलटच्या भरतीत संगणकावर एक नव्हे, पाच कसोट्या असतात : स्मरण, सूचनांचे पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि पाहून ओळखण्याची चपळाई. प्रत्येकीचे गुण 'टी-गुणां'त बदलतात. त्यात सर्व उमेदवारांची सरासरी ५० धरलेली असते. पाचांपैकी प्रत्येक कसोटीत किमान ४२ मिळालेच पाहिजेत. एका कसोटीत ७० मिळवून दुसरीतील ४० भरून काढता येत नाहीत, कारण उत्तम स्मरणशक्ती असलेल्या माणसालाही सिग्नल किती दूर आहे ते कळावे लागते. कोणत्याही प्रवर्गासाठी यात सवलत नाही. तुमच्यापैकी कोणाला पुढे ही परीक्षा द्यायची असेल, तर घोकून तयारी करण्याजोगे त्यात थोडेच आहे. कसोटीच्या पद्धतीची आधी ओळख करून घेतलीत तर भांबावायला होणार नाही, इतकेच.

एवढे करूनही मन मनच राहते. म्हणून लोकलच्या केबिनमध्ये आणखी एक योजना आहे. गाडी चालवताना मोटरमनला एक मूठ सतत दाबून धरावी लागते. हात सुटला, मग तो डुलकीने सुटो की भोवळ येऊन, ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी थांबते.